घाट उतरलात, आता शरीरालाही उतरू द्या

पत्र

नमस्कार वैद्यताई,
आम्ही अंबाजोगाईचे. मिस्टरांना लोट्याच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून मे अखेरीस चिपळूणला बिऱ्हाड हलवलं. माझं वय ४३. तिकडे असताना कधी डोकंही दुखलं नाही. इथे पाऊस सुरू झाला आणि पोट बिघडलं ते बिघडलंच. जेवण झालं की पोट फुगतं, रात्री आंबट ढेकर येतात, सकाळी अंग जड आणि गुडघे धरलेले. दर पंधरा दिवसांनी सर्दी. मोबाइलवर पाहून मी बरंच काही सुरू केलंय. उठल्या उठल्या गरम पाण्यात मध-लिंबू, दिवसभरात चार लिटर पाणी, रात्री नुसतं सॅलड आणि दही, झोपताना दोन चमचे त्रिफळा, शिवाय दोन वेळा सुंठ, मिरी, दालचिनी आणि ज्येष्ठमधाचा काढा. सासूबाईही तो काढा घेतात. त्यांना बीपी आहे, पण आता बरं वाटतंय तर गोळी बंद करू का म्हणतात. मिस्टरांची पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात, मग मीही दुपारी दोन-तीन तास आडवी होते. ज्वारीच्या पिठाला इथे वास येतो, म्हणून भाकरीऐवजी भातच. पावसाळ्यात बस्ती (औषधी एनिमा) घ्यावा म्हणतात, एका ठिकाणी सात दिवसांचं पॅकेज आहे, ते करू का? आणि आमच्या योगेश्वरीचे नवरात्राचे नऊ दिवस मी धरते, यंदा धरू का?
– घाट उतरलेली

उत्तर

ताई,
सगळ्यात आधी सासूबाईंचं. त्यांची बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका, आणि त्यांचा काढा आजच बंद करा. ज्येष्ठमध घशाला छान, पण रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढवतं. ज्यांना बीपी आहे त्यांनी ते असं महिनोन् महिने घ्यायचं नसतं. ‘घरगुती आहे, त्याने काय होतंय’ या भरवशावर अडचणीत आलेले रुग्ण मी डोळ्यांनी पाहिलेत. पुढचं वाचण्याआधी उठून त्यांना एवढं सांगून या.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही पत्राखाली जी सही केलीत, तिच्यातच निम्मं निदान आहे.

आयुर्वेदात देशाचे तीन प्रकार सांगितलेत. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, वाऱ्याचा मुलूख. आनूप म्हणजे पाण्याचा, झाडीचा, दमट मुलूख. या दोन्हींच्या मधला तो साधारण. तुम्ही ४३ वर्षं बालाघाटाच्या डोंगराळ, कोरड्या हवेत काढलीत, जिथे वर्षाचा पाऊस १००० मिलिमीटरच्या आत असतो. तिथून कुंभार्ली घाट उतरून तुम्ही थेट अशा गावात आलात, जिथे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतीला ओल धरते आणि मीठ डब्यात विरघळतं. देश बदलला. आल्याबरोबर ऋतूही बदलला, ग्रीष्मातून वर्षा. ज्वारी जाऊन भात आला, म्हणजे अन्न बदललं. नवऱ्याच्या पाळीबरोबर घराचं घड्याळही बदललं. या चार गोष्टी शरीराने एका महिन्यात सोसल्या, आणि त्यावर तुम्ही सहा-सात नवे उपाय चढवलेत. माझं सांगणं एवढंच आहे, की आधी काढून घ्या, मग घाला. तेही हळूहळू.

पावसाळ्यात पोट का बिघडतं, याचं चरकाने, आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकाराने, फार नेमकं वर्णन केलंय. उन्हाळ्याने शरीर आधीच थकलेलं असतं आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद झालेला असतो. त्यात तापलेल्या जमिनीवर पाणी पडून वाफ उठते, ढग झरत राहतात, पाण्याचा पाक आंबट होतो आणि वात बिथरतो. पोट फुगणं, सांधे धरणं हे त्या वाताचं. आंबट ढेकर हे साचत चाललेल्या पित्ताचं. पित्त वर्षा ऋतूत साठतं आणि शरदात, म्हणजे ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की उसळतं. तुम्हाला ते आताच जाणवतंय, कारण रिकाम्या पोटी लिंबू आणि वर दोन वेळा तिखट काढा असा रोजचा रतीब चाललाय. दालचिनी-मिरीचा काढा सर्दीत दोन-तीन दिवस घ्यायचा असतो. तुम्ही तो चहासारखा घेताय.

म्हणून पहिल्या आठवड्यात नवीन काहीच सुरू करू नका. मध-लिंबू आणि काढा थांबवा. मध कधी घ्यावासा वाटलाच तर गरम पाण्यात घालू नका, आपल्या शास्त्राला ते मान्य नाही. उकळून निवलेल्या पाण्यात चमचाभर चालेल. त्रिफळाही थांबवा. ती उत्तम आहे, पण गुणाने रुक्ष, म्हणजे कोरडेपणा आणणारी. बद्धकोष्ठाची तक्रार नसताना रोज रात्री दोन चमचे कशासाठी? तुमच्या पत्रात बद्धकोष्ठाचा उल्लेखही नाही.

पाणी चार लिटर नको. आयुर्वेदाचा दुसरा जुना ग्रंथकार वाग्भट सांगतो, की शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं. तहान लागेल तेवढं, उकळलेलं, कोमट किंवा निवलेलं प्या. (मूतखडा किंवा दुसऱ्या कुठल्या कारणासाठी डॉक्टरांनी जास्त पाणी सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.) चिपळूणला २००५ आणि २०२१ साली किती पाणी चढलं होतं, हे शेजारीपाजारी सांगतीलच. अशा गावात पावसाळ्यात पाणी उकळणं ही शिस्तच हवी.

रात्रीचं दही आजपासून बंद. दह्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. चवीला थंड लागतं म्हणून ते थंड मानलं जातं, पण शास्त्रात ते उष्ण, जड आणि शरीरात चिकटपणा वाढवणारं मानलंय, आणि रात्री तर स्पष्टच वर्ज्य सांगितलंय. तुमची दर पंधरवड्याची सर्दी आणि सकाळचा जडपणा याच्याशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं. दुपारी ताज्या दह्याचं, लोणी काढलेलं पातळ ताक, जिरेपूड आणि सैंधव घालून, अर्धी वाटी घ्या. आंबट ताक नको. आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की ताकही कमी करा.

सॅलडचं ऐकून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही ते चांगल्या हेतूने करताय. पण मंद अग्नीवर रात्रीच्या वेळी कच्ची काकडी, कोबी, गाजर टाकणं म्हणजे ओल्या लाकडावर आणखी ओलं लाकूड रचणं. रात्री साडेसात-आठच्या आत मुगाचं कढण आणि मऊ भात, त्यावर चमचाभर साजूक तूप. नाहीतर दुधी, पडवळ, दोडका, घोसाळं यांतली एखादी शिजवलेली भाजी आणि छोटी भाकरी. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नाने भरावेत, एक पातळ पदार्थाने आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असं वाग्भटाने सांगितलंय. सध्या तरी तुम्ही हे अक्षरशः पाळा.

ज्वारी मात्र पूर्ण सोडू नका. हा माझ्या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. शरीराला ज्याची वर्षानुवर्षं सवय झाली ते त्याला सात्म्य होतं. अशी सवय एकदम तोडली तर त्रास होतो, अगदी वाईट सवय असली तरीही. म्हणून जुनं सोडायचं आणि नवं धरायचं ते पावलापावलाने. एक चतुर्थांश बदलायचं, मध्ये एक-दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, मग पुढचा चतुर्थांश. याला पादांशिक क्रम म्हणतात. तुम्ही मे महिन्यात चार भाकऱ्यांवरून शून्यावर आलात. आता उलट्या दिशेने जाऊन दुपारच्या जेवणात एक भाकरी परत आणा. पिठाला वास येतो तो महिन्याचं दळण एकदम आणल्यामुळे. ज्वारी कढईत मंद भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठवड्यापुरतीच दळून आणा. चार दिवसांनी त्या एका भाकरीच्या जागी कधी तांदळाची, कधी नाचणीची भाकरी करून बघा, म्हणजे इथल्या धान्याशीही ओळख होईल. भात खायचा तो वर्षभराच्या जुन्या तांदळाचा. नवा तांदूळ जड असतो. जुना मिळाला नाही तर तांदूळ कोरडाच भाजून घ्या आणि मग शिजवा, हलका होतो.

इथल्या बायका पावसाळ्यात काय रांधतात ते बघा, शेजारणीला विचारा. उकड्या तांदळाची पेज इथे लहान बाळापासून आजोबांपर्यंत सगळे पितात, आणि ती उगाच पीत नाहीत. दमट हवेत ती पोटाला फार मानवते. सकाळच्या मध-लिंबाच्या जागी चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप घालून गरम पेज घ्या. कुळथाचं पिठलंही इथलंच आणि वात-कफाला चांगलं, पण ते उष्ण आहे, पित्त वाढवतं. म्हणून तुम्ही मात्र ढेकर थांबेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका, थंडीत पोटभर खा. तुमच्याकडच्या येसराच्या आमटीचंही तसंच. मन होणारच, पण सध्या आठवड्यातून एकदा, तीही पातळ.

दुपारची झोप. दिवसा झोपण्याची मुभा शास्त्राने निरोगी माणसाला फक्त ग्रीष्मात दिलीय, बाकी ऋतूंत नाही. पावसाळ्यात तर ती कफ वाढवते, अंग जड करते. मिस्टर झोपलेत, घरात सामसूम आहे, बाहेर पाऊस धो धो पडतोय, नव्या गावात अजून कुणाशी फारशी ओळख नाही. अशा वेळी डोळा लागणारच, हे मी समजू शकते. पण आडव्या होऊ नका. खुर्चीत मागे टेकून वीस मिनिटं डोळे मिटा. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रुक्षही नाही आणि कफ वाढवणारीही नाही, असं वाग्भटाने आवर्जून लिहून ठेवलंय.

मिस्टरांचं गणित वेगळं. रात्रीचं जागरण शरीर कोरडं करतं. ज्याला जागरणाची सवय नाही त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, जागरणाच्या निम्मा वेळ झोपावं, असा नियम आहे. आठ तासांची रात्रपाळी झाली, तर सकाळी आल्यावर भरपेट नाश्ता न करता चार तास झोप, मग अंघोळ आणि जेवण. कित्येक घरांत पाळीवरून आलेल्या माणसाला आधी पोहे-चहा देतात आणि मग तो झोपतो, तिथेच पित्ताची सुरुवात होते. पण हा नियम एखाद्या रात्रीच्या जागरणासाठी आहे. ओळीने सहा रात्री जागणाऱ्याला चार तास पुरत नाहीत. संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी त्यांना आणखी दोन-तीन तास झोप मिळायला हवी. मोठं जेवण पाळीला जाण्याआधी आणि डब्यात फक्त हलकं, भाजलेले पोहे किंवा मुगाची खिचडी. झोपण्याआधी तळपायांना खोबरेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने पाच मिनिटं घासा. तुमच्या आजीकडे ती वाटी नक्की असेल.

गुडघ्यांना तिळाचं तेल कोमट करून चोळा आणि नंतर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. ज्या दिवशी सर्दी असेल किंवा सकाळी अजीर्ण वाटत असेल त्या दिवशी मात्र तेल लावू नका. घरात ओले कपडे वाळत घातलेल्या खोलीत झोपू नका. पावसाळ्यात अनवाणी चालू नये, धुपावर धरलेले कोरडे कपडे वापरावेत, वाफ आणि गारठा पोचणार नाही अशा वरच्या मजल्यावर राहावं, हे सगळं ऋतुचर्येत, म्हणजे ऋतूनुसार वागण्याच्या नियमांत, आलंय. साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाणाऱ्यांना कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो, हे लक्षात घेतलं तर त्या जुन्या सूचनेचं मोल आणखी कळतं. असं पाणी तुडवल्यानंतर काही दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर काढा-बिढा करत न बसता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

बस्तीचं विचारलंत. पावसाळा हा बस्तीचाच काळ, हे खरंच आहे. पण बस्ती कुणाला, कोणत्या द्रव्यांचा, किती, हे नाडी, पोट आणि वय पाहून ठरतं. येणाऱ्या प्रत्येकाला तोच सात दिवसांचा बस्ती देणारं पॅकेज ही चिकित्सा म्हणवत नाही. अजीर्ण असताना तर पंचकर्म करायचंच नसतं. आधी तीन आठवडे वर सांगितलेलं करा. मग पदवीधर, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा आणि त्यांनी तपासून सांगितलं तर घ्या. तोवर शरद आलेला असेल, आणि त्या ऋतूत शोधन (शरीरशुद्धी) करायचंच झालं तर ते विरेचनाचं, म्हणजे जुलाबाच्या औषधाचं, असतं. तो निर्णयही त्यांचाच.

गुडघ्यांबद्दल एक तपासणी मात्र लांबवू नका. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त टिकत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला काळी होत असेल किंवा घास गिळताना अडकत असेल, तर हा नुसता ऋतूचा त्रास नाही. रक्त तपासून घ्या, थायरॉइडही बघा. चाळिशीनंतर बायका हे पुढे ढकलत राहतात.

आता नवरात्र. इथल्या कित्येक कोकणस्थ घरांची कुलदेवी तुमच्या अंबाजोगाईची योगेश्वरीच आहे. म्हणजे ज्या गावात तुम्हाला परकं वाटतंय, तिथल्या अनेक देव्हाऱ्यांत तुमच्या गावची देवी आधीच बसलेली आहे. तेव्हा उपास सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त त्याचं रूप बदला. नवरात्र येतं ते ऋतूच्या सांध्यावर. एका ऋतूचा शेवटचा आणि दुसऱ्याचा पहिला असे दोन आठवडे म्हणजे ऋतुसंधी. त्या पंधरवड्यात जुनी चर्या हळूहळू सोडायची आणि नवी धरायची असते. अशा वेळी नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट, तळलेल्या बटाट्याच्या पापड्या आणि दिवसाला सहा कप चहा, एवढं केलंत तर साठलेलं पित्त उसळायला निमित्तच मिळेल. वरईचा भात, राजगिऱ्याची लाही दुधात, लाल भोपळ्याची तुपातली भाजी, भिजवलेल्या काळ्या मनुका, एखादा आवळा, गोड ताजं दूध, असं घ्या. ढेकर थांबलेले नसतील तर उठता-बसता दोनच दिवस धरा. मधले सात दिवस एकवेळ जेवून आरती करा. कोजागरीचं दूध मात्र चुकवू नका, ते या ऋतूला अगदी साजेसं आहे.

हे सगळं लागू पडतंय की नाही हे कसं ओळखायचं? अन्न नीट पचल्याची खूण शास्त्राने सांगितलीय. ढेकर स्वच्छ येतो, अंग हलकं वाटतं, काम करायला उत्साह असतो, मलमूत्राचे वेग वेळच्या वेळी येतात आणि भूक-तहान आपोआप लागते. एक वही करा. रोज सकाळी तोंड धुतल्यावर या पाच गोष्टींपुढे हो किंवा नाही लिहा, शेजारी आदल्या रात्री काय खाल्लं ते. मिस्टरांची पाळी कोणती होती तेही लिहा. पहिला आठवडा फक्त सोडण्याचा, दुसऱ्या आठवड्यात पेज आणि भाकरी, तिसऱ्यात तेल. पाचपैकी तीन ‘हो’ येईपर्यंत पुढचं काही वाढवू नका. तीन आठवड्यांची पानं भरली की वैद्यांकडे जाताना ती वही सोबत न्या.